आर्थिक विकास आणि वनांचा ऱ्हास : ट्रॉम्बेचा हिशेब

माणूस गरिबीमुळे झाडे तोडतो. तेव्हा देशाची सुबत्ता वाढली म्हणजे वनांवरील भार आपोआप हलका होईल, अशी पुष्कळांची समजूत असते. या समजुतीत काही तथ्य आहे. परंतु उष्ण कटिबंधातील देशांचा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव पाहिला तर ती अपुरी आहे असे दिसून येते. मोळी विकून पोट भरणाऱ्याच्या कोयत्याने जेवढे वन गेले, त्याहून कितीतरी अधिक वन रस्ता, बाजारपेठ आणि भांडवल पोहोचल्यानंतर गेले. हे कसे घडते, ते अटळ आहे काय, आणि नसल्यास ते कोणत्या ठिकाणी थोपवता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय समजून घेण्यासाठी दूर देशी जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या पूर्व कडेला असलेल्या ट्रॉम्बे येथे ही सर्व प्रक्रिया थोड्या जागेत व थोड्या काळात घडून गेली आहे. रायगड, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील ज्या शेतकऱ्यांच्या वरकस जमिनीजवळून आज नवा रस्ता जात आहे, किंवा ज्यांच्या खारबांधापुढे कांदळवन उभे आहे, त्यांच्या दृष्टीने ट्रॉम्बेची हकीकत म्हणजे केवळ इतिहास नव्हे.

बेटाची पूर्वस्थिती

ट्रॉम्बेचे मूळ नाव तुर्भे. साष्टीच्या आग्नेयेस, ठाण्याची खाडी आणि मुंबई बंदर यांच्यामध्ये हे सुमारे आठ किलोमीटर लांबीचे बेट होते. मध्ये सुमारे तीनशे मीटर उंचीची टेकडी, तिच्या उतारावर झाडी, पायथ्याशी भातखाचरे आणि आंबा व ताड यांची झाडे, त्यापुढे मिठागरे आणि खाजणे, आणि अगदी कडेला भरती-ओहोटीच्या चिखलात तिवराची रांग, अशी येथील जमिनीची मांडणी होती. माहुल, आणिक, देवनार, मानखुर्द, चेंबूर ही या परिसरातील जुनी गावे. कोळी व आगरी समाजाचे लोक मासेमारी, मीठ आणि भातशेती यांवर उपजीविका करीत.

खाडीकाठच्या या वनाला आपण कांदळवन म्हणतो. त्यात तिवर, कांदळ, चिप्पी, किरकिरी, काजळा, मारांडी अशा अनेक जाती आढळतात. ठाण्याच्या खाडीत मात्र तिवराचे प्राबल्य आहे. चिखलात प्राणवायू अत्यल्प असल्यामुळे तिवराची श्वसनमुळे खुंट्यांप्रमाणे जमिनीतून वर येतात. या खुंट्यांच्या दाटीत लाटांचा जोर मोडतो, गाळ अडकतो आणि कोळंबी, चिंबोरी, बोईट यांच्या पिल्लांना आसरा मिळतो. म्हणजे बांधाचे रक्षण आणि मासळीची रोपवाटिका ही दोन्ही कामे हे वन विनामूल्य करीत असते. ते विनामूल्य असल्यामुळेच पुढे त्याची किंमत कोणाच्या वहीत मांडली गेली नाही.

वाट आधी, कुऱ्हाड मागून

वन तुटण्याच्या कितीतरी आधी तेथे जाण्याची वाट तयार होते. मुंबई बेट आणि साष्टी यांना जोडणारा शीवचा बांधरस्ता १८०५ साली पुरा झाला. चेंबूरकडील बांधरस्ता १८४६ च्या सुमारास झाला. १९०६ साली कुर्ल्याहून चेंबूरच्या बाजूस लोहमार्ग टाकण्यात आला, तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. प्रवाशांसाठी तो १९२४ साली खुला झाला. शहराच्या दृष्टीने त्या काळी या बाजूचे स्थान काय होते हे यावरून ध्यानात येईल. खाजण म्हणजे टाकाऊ जमीन आणि टाकाऊ जमीन म्हणजे टाकाऊ वस्तू टाकण्याची जागा, असा तो सरळ हिशेब होता. देवनारची कचराभूमी १९२७ सालापासून खाडीकाठीच आहे.

१९५० साली हा भाग बृहन्मुंबईत समाविष्ट झाला आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत ट्रॉम्बेचे रूप पालटले. १९५४ व १९५५ साली येथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. १९५६ साली औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. अणुशक्ती संस्थेची स्थापना १९५४ ची. तिची ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली, आणि डॉ. होमी भाभा यांच्या निधनानंतर १९६७ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९६५ साली रासायनिक खतांचा कारखाना उत्पादन देऊ लागला.

हे सर्व एकाच जागी का आले? कच्चे तेल उतरवण्यास जवळच खोल पाणी होते. कारखान्यांना लागणारी विस्तीर्ण व सपाट जमीन शहरापेक्षा येथे कितीतरी स्वस्त मिळत होती. माल घेणारे शहर हाकेच्या अंतरावर होते. वाहतूक, स्वस्त जमीन आणि जवळची बाजारपेठ या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे जमिनीचा उपयोग बदलतो. हा नियम कारखान्याला जसा लागू आहे, तसाच तो ऊस, रबर, कोको किंवा पामतेल यांच्या मळ्यालाही लागू आहे.

कारखान्यामागून कामगार येतो व कामगारामागून त्याची वस्ती येते. चांगल्या जमिनीचे भाव तोवर चढलेले असल्याने गरिबाच्या वाट्याला चिखल येतो. १९७६ साली अणुकेंद्रानजीकची जनता कॉलनी उठवून तेथील रहिवाशांना ट्रॉम्बेच्या खाडीकाठी, दलदलीच्या जागी वसवण्यात आले. तीच आजची चित्ता कॅम्प ही वस्ती. खाजणात झोपडी बांधणारा माणूस डोळ्यांसमोर असतो, म्हणून वनतोडीचा दोष त्याच्या माथी मारला जातो. त्याला तेथवर आणणारी कारणांची साखळी मात्र लांबची असल्यामुळे नजरेआड राहते.

शून्य किमतीचा दोष

या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा हिशेबाचा आहे. भातखाचर विकत घ्यायचे तर त्याचे उत्पन्न पाहून किंमत ठरते. तिवराच्या चिखलाचे उत्पन्न कोणाच्याही सातबाऱ्यावर नव्हते. मासळीचा लाभ कोळ्याला, संरक्षणाचा लाभ बांधामागच्या शेतकऱ्याला, पाणी सामावण्याचा लाभ साऱ्या शहराला. परंतु यांपैकी कोणीही त्या चिखलाचा मालक नव्हता. भराव घालणाऱ्याला त्या जमिनीपासून होणारा नफा पुरता मिळतो आणि होणारे नुकसान मात्र अनेकांत वाटले जाते. अशा स्थितीत भराव घालणे हाच व्यवहार फायद्याचा ठरणार हे उघड आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तिवर मारण्यासाठी कुऱ्हाड चालवावीच लागते असे नाही. भरतीचे पाणी येण्याची नाळ बांधाने किंवा राडारोड्याने बंद केली की झाडे हळूहळू वाळतात. मग ती जमीन ‘ओसाड’ दिसू लागते आणि ओसाड जमिनीचा विकास करण्यास कोणाची हरकत राहत नाही. खाजणे बुजण्याची ही रीत मुंबईच्या आसपास अनेक ठिकाणी दिसून आली आहे.

नोंद न झालेला खर्च पुढे कधीतरी वसूल होतोच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व मुंबई पाण्याखाली गेली. एवढ्या पावसाने कोणत्याही शहरात हाहाकार उडाला असता. तथापि मिठी नदीच्या काठची खाजणे व कांदळवने भरावाखाली गेल्यामुळे पाण्याला पसरण्यास जागा उरली नव्हती, हे या संकटाचे एक प्रमुख कारण मानले जाते.

शहराची भूक आणि दूरचा डोंगर

वाढत्या शहरामुळे तोडले जाणारे वन केवळ त्याच्या वेशीवरचे नसते. मुंबईच्या गोदीला जहाजबांधणीसाठी साग हवा होता. १८५३ साली मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाल्यावर रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची मागणी वाढत गेली. याखेरीज चुलीला जळण आणि शेगडीला कोळसा रोजच लागे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या डोंगरांतून हे लाकूड शहराकडे वाहत राहिले, आणि कोळशाच्या भट्ट्या लावण्याचे कष्ट बहुतांशी कातकऱ्यांच्या वाट्याला आले. लाकडाचा पुरवठा आटण्याची भीती इतकी लवकर जाणवली की मुंबई सरकारने १८४७ सालीच डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमले.

याच ओढाताणीत शेतकऱ्याचा राब सापडला. भाताच्या रोपवाटिकेवर ऐन, किंजळ इत्यादी झाडांचे टहाळ, पालापाचोळा व शेण यांचा थर जाळून तण मारावयाचे व राखेचे खत मिळवावयाचे ही कोकणची जुनी पद्धत. लाकडाला भाव आल्यावर सरकारने वनांच्या हद्दी आखल्या आणि टहाळ तोडण्यावर बंधने आली. त्यातून तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. शहराने लाकूड न्यावे आणि राबाचा दोष शेतकऱ्यावर यावा, ही शेतकऱ्यांची भावना निराधार म्हणता येणार नाही. त्याचबरोबर, दरवर्षी निर्दयपणे छाटलेले झाड धड वाढत नाही हेही तितकेच खरे आहे.

नाण्याची दुसरी बाजू

एवढ्यावरून कारखाना आला की वन गेलेच, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. ज्या ट्रॉम्बेने आपली खाजणे गमावली, त्याच ट्रॉम्बेच्या कारखान्यांतून निघालेल्या रॉकेलने व गॅसने शहराच्या चुलीखालचे लाकूड कमी केले. मुंबईत स्वयंपाकाच्या गॅसची विक्री १९५५ साली सुरू झाली. जसजसे हे इंधन घरोघरी पोहोचले तसतशी शहरातील लाकडी कोळशाची मागणी ओसरली आणि डोंगरावरील भट्ट्यांचा धंदा मागे पडला.

खताची गोष्टही अशीच आहे. ट्रॉम्बेच्या कारखान्याचे ‘सुफला’ हे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. एका एकरात दुप्पट पीक आले तर दुसरा एकर नांगराखाली आणण्याची निकड राहत नाही. गादीवाफ्यावर बेताचे खत देऊन रोपे तयार करता येऊ लागल्यामुळे राबाचीही गरज कमी झाली. परंतु येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. पीक घरच्या गरजेपुरते असेल तर वाढीव उत्पन्नाने जमीन वाचते. तेच पीक दूरच्या बाजारात चढ्या भावाने विकले जात असेल, आणि वनाची हद्द पक्की नसेल, तर वाढलेला नफाच नवी जमीन मोडण्याची प्रेरणा देतो. यास्तव सुधारित शेती आणि पक्की हद्द या दोन्ही गोष्टी बरोबर असाव्या लागतात.

पक्क्या हद्दीचा परिणाम याच परिसरात पाहावयास मिळतो. अणुकेंद्राच्या आवारात प्रवेशाला बंदी असल्यामुळे टेकडीच्या त्या बाजूची झाडी राखली गेली व तीत लागवडीची भर पडली. मुंबईच्या उत्तरेस विहार तलाव १८६० साली व तुळशी तलाव १८७९ साली बांधण्यात आला. त्यांच्या पाण्यासाठी भोवतालचे डोंगर राखणे भाग पडले आणि त्यामुळेच आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शहराच्या मध्यभागी टिकून आहे. वनापासून मिळणाऱ्या एका तरी लाभाची, म्हणजे पिण्याच्या पाण्याची, शहराने किंमत ओळखली, तेथे वन वाचले. खाजणाच्या बाबतीत तसे घडले नाही.

इतर देशांचा अनुभव

ट्रॉम्बेत जे कारखान्यांनी केले तेच उष्ण कटिबंधातील बहुतेक देशांत शेती व गुरचराई यांच्या विस्ताराने केले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार १९९० ते २०२० या तीस वर्षांत जगात सुमारे ४२ कोटी हेक्टर वन तोडले गेले, आणि या शतकातील वनतोडीपैकी जवळजवळ नव्वद टक्के तोड शेती व चराई यांच्या विस्तारामुळे झाली.

ब्राझील देशाने १९७० साली ॲमेझॉनच्या वनातून महामार्ग काढण्यास आरंभ केला. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी प्रथम लाकूडतोडे, मग वसाहतकरी, त्यांच्यामागून गुरांचे कळप आणि पुढे सोयाबीन असा क्रम पडला. २००४ साली तेथे एका वर्षात सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर वन गेले. त्यानंतर उपग्रहाद्वारे पाहणी, कडक अंमलबजावणी, आणि नव्याने तोडलेल्या जमिनीवरील सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा २००६ चा करार यांमुळे २०१२ साली हा आकडा सुमारे ४,६०० वर आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या काळात सोयाबीनचे उत्पादन घटले नाही, वाढलेच. पुढे अंमल सैल होताच तोड पुन्हा वाढली आणि २०२३ पासून ती पुन्हा उतरू लागली. म्हणजे सुबत्ता आणि वनतोड यांची गाठ सुटू शकते, पण ती सोडवलेली ठेवण्यास सतत जागरूकता लागते.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या लहान देशाची हकीकत अधिक उद्बोधक आहे. परदेशी मांसविक्रीसाठी तेथे वने तोडून कुरणे करण्यात आली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक वन संपत आले. पुढे मांसाचे भाव पडले. आणि १९९६ च्या वन कायद्याने वन राखणाऱ्या जमीनमालकाला पाणी, हवा व जीवसृष्टी यांच्या रक्षणाबद्दल मोबदला देण्याची तरतूद केली. त्यासाठी पैसा उभा केला तो मुख्यत्वे इंधनावरील करातून. आज त्या देशाचा निम्म्याहून अधिक भूभाग पुन्हा वनाच्छादित आहे. ज्या विकासाने वनाचा भार वाढवला, त्याच्याच उत्पन्नातून वनाची किंमत चुकती करण्याची ही रीत विचार करण्यासारखी आहे.

आपल्याकडील कायदा व शेतकरी

महाराष्ट्रात या बाबतीत उशिरा का होईना पण निश्चित पावले पडली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर कांदळवनाच्या तोडीस व त्यापासून पन्नास मीटरच्या आत बांधकाम करण्यास मनाई केली आणि २०१८ साली अंतिम निकालात ती कायम केली. वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ साली स्थापन झाला. ठाण्याच्या खाडीत सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्राचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ साली या खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सफेद चिप्पी हा २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे.

तथापि कायद्याने शेतकऱ्याची एक खरी अडचण मिटलेली नाही. पेण, उरण, अलिबाग भागांत बाहेरकाठ्याला खांड पडून खारे पाणी भातशेतीत शिरते. दुरुस्ती लांबली तर दोन-चार वर्षांत त्या खाचरांत तिवर उगवतो आणि मग आपल्याच शेतातील झाड तोडणे हा गुन्हा ठरतो. अशा शेतकऱ्यास कांदळवन हे वरदान वाटत नाही, याचा त्याला दोष देता येणार नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे खांड पडल्याबरोबर ती बुजवणे. बांधापुढचा तिवर बांधाचा राखणदार आहे. बांधाच्या आतला तिवर ही दुरुस्तीस झालेल्या विलंबाची खूण आहे.

शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. बाहेरकाठ्यापुढील कांदळवनाची पट्टी राखावी. ती गेल्यास लाटांचा मारा थेट बांधावर येतो व दुरुस्तीचा खर्च वाढतो.

२. उघाड्या व बाहेरकाठे यांची पावसाळ्यापूर्वी पाहणी करावी. खांड दिसताच खारभूमी विभागास लेखी कळवावे व अर्जाची पोच जपून ठेवावी.

३. कांदळवन पुन्हा उभे करावयाचे असल्यास नुसती रोपे लावून भागत नाही. भरतीच्या पाण्याची बुजलेली नाळ आधी मोकळी करावी. पाणी खेळू लागले की बी वाहत येऊन पुष्कळदा झाडे आपोआप रुजतात.

४. वरकस जमिनीवरील झाडे ठोक रकमेला विकण्यापूर्वी टहाळ, चारा, जळण, फळ व खालच्या विहिरीचे पाणी या सर्वांची वार्षिक किंमत मांडावी. तसेच खाजगी जमिनीतील झाडांनाही १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा अधिनियम लागू आहे, हे विसरू नये.

५. कांदळवनालगतच्या गावांनी खेकडापालन, कालवपालन व शोभिवंत मासे यांसाठी २०१७ पासून असलेल्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेची माहिती कांदळवन कक्षाकडून घ्यावी.

ट्रॉम्बेचे कारखाने देशाला हवे होते, वीज हवी होती, खतही हवे होते. त्यांच्यासाठी जमीन लागणार होती हेही खरे. परंतु कोणती खाजणे द्यावयाची व कोणती राखावयाची, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही, कारण खाजणाला किंमतच नव्हती. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला आणि विकासाची वाट पलीकडे गेली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाल्यावर ती उरण-पनवेलच्या पुढे पेण-अलिबागकडे सरकत आहे. जमिनीचा दलाल ज्या दिवशी दारात येतो, त्या दिवशी वरकसाची व खाजणाची किंमत तो सांगेल तीच ठरते. ती त्याच्या आधी गावाने स्वतः मांडून, ग्रामसभेत वाचून, लिहून ठेवलेली असावी.